विकून उरलेलं ताट

एडिनबराच्या रॉयल माइलवर पाहुण्यासाठी स्कॉटलंड जणू बांधून तयार ठेवलेलं असतं. किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या या रस्त्यावर टार्टनच्या चौकडी छापलेल्या डब्यांतून शॉर्टब्रेड मिळतं, पबबाहेरच्या फळ्यावर हॅगिस, नीप्स आणि टॅटीज खडूने लिहिलेलं असतं आणि दुकानांच्या काचेआड व्हिस्कीच्या चिमुकल्या बाटल्यांच्या रांगा असतात. या मांडणीकडे बघायच्या दोन सवयी आहेत. भाबडी सवय म्हणते, हे डोंगराळ मुलखातल्या लढवय्या टोळ्यांचं शेकडो वर्षांचं अन्न. शहाणी सवय म्हणते, हा एकोणिसाव्या शतकात रचलेला देखावा, प्रवाशांच्या खिशासाठी. दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण ताटात काय आहे आणि ते तिथे कसं आलं, हा साधा प्रश्न दोन्ही सवयी विचारत नाहीत. तो विचारला तर एक धागा हाती लागतो. या देशात जे उत्तम पिकलं, चरलं किंवा जाळ्यात सापडलं, ते बहुतेक वेळा बाहेर विकलं गेलं. घरी जे उरलं, त्यावर डोकं आणि हात चालवून तिथल्या लोकांनी जे रांधलं, त्यालाच आज आपण स्कॉटिश परंपरा म्हणून पैसे मोजतो. हा धागा धरून खाल्लं, तर तेच पदार्थ वेगळे लागतात, आणि काय मागवावं, काय सोडावं हेही आपोआप ठरत जातं.

सुरुवात धान्यापासून करावी लागते, कारण बाकी सगळं त्याच्या आधाराने उभं आहे. स्कॉटलंडच्या बऱ्याच भागात उन्हाळा आखूड आणि ओला, जमीन आम्ल आणि पाणथळ. पूर्व किनाऱ्यालगतचे सुपीक पट्टे सोडले तर गव्हाला ही हवा मानवत नाही. ओट आणि जव मात्र कमी उन्हात, हलक्या जमिनीत तग धरतात. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओटची नोंद करताना, इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात, असा चिमटा काढला होता. चिमटा कुचकट असला तरी माहिती चुकीची नव्हती. पिठात नुसतं उकळतं पाणी ओतून ढवळलं की ब्रोझ, मीठ घालून मंद शिजवलं की पॉरिज, तव्यावर कोरडं भाजलं की ओटकेक, कांद्याबरोबर चरबीत परतलं की स्कर्ली. एकाच पिठाची ही रूपं गरिबाच्या घरात दिवसभर फिरत असत. एडिनबरा, ग्लासगो आणि सेंट अँड्र्यूज इथल्या विद्यापीठांत सत्राच्या मधोमध ‘मील मंडे’ नावाची सुट्टी असे. गावाकडे जाऊन ओटच्या पिठाची पिशवी पुन्हा भरून आणायची, म्हणजे उरलेलं सत्र पोटाची सोय झाली, असा तिचा हेतू. आज हॉटेलात पॉरिजवर मलई, मध, कधी व्हिस्कीसुद्धा येते. चवीला ते वाईट नाही. पण हाईलँड्स या डोंगराळ मुलखातल्या कारब्रिज या छोट्या गावात १९९४ पासून पॉरिज शिजवण्याची जी जागतिक स्पर्धा भरते, तिच्या मुख्य विभागात ओट, पाणी आणि मीठ यापलीकडे काही चालत नाही. पॉरिज ढवळायच्या लाकडी दांडक्याला स्पर्टल म्हणतात, आणि विजेत्याला सोनेरी स्पर्टल मिळतो. अशी वाटी समोर आली की पहिल्या दोन घासांत ती फिकी वाटते. मग धान्याची स्वतःची, भाजल्यासारखी गोडी कळू लागते. उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर बेअर नावाचा जवाचा जुना वाण अजून पेरतात आणि त्याच्या पिठाच्या जाड, करड्या, किंचित कडसर भाकऱ्या करतात. बॅनक हे त्यांचं नाव. त्या भागात गेल्यावर कुठल्याही केकआधी ती चाखावी असं माझं मत आहे.

आता मांस. स्कॉटलंड म्हटलं की अँगस गायी आणि डोंगर उतारांवरची मेंढरं डोळ्यांसमोर येतात, आणि तिथली माणसं भरपूर मांस खात असतील असा समज होतो. इतिहास उलट सांगतो. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकत्रीकरण झाल्यावर दक्षिणेची बाजारपेठ खुली झाली आणि हाईलँड्समधल्या शेतकऱ्याकडे रोख पैसा आणणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गुरं. दर वर्षी हजारो काळी, आखूड पायांची जनावरं डोंगरवाटांनी हाकत आधी क्रीफच्या आणि पुढे फॉल्कर्कच्या बाजारात आणली जात. तिथून ती इंग्लंडात आणि अखेर लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात पोचत. कठीण रस्त्यांवर खूर झिजू नयेत म्हणून त्यांना नाल ठोकत. मांस स्वतःच्या पायांनी चालत देशाबाहेर जात होतं, आणि हाकणारा मात्र खांद्यावरच्या झोळीतल्या ओटच्या पिठावर दिवस काढत होता. त्याहून बोलका पुरावा म्हणजे अठराव्या शतकातल्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी नोंदवलेली एक प्रथा: टंचाईच्या दिवसांत जिवंत गायीची शीर हलकेच कापून थोडं रक्त काढायचं, ते ओटच्या पिठात मिसळून शिजवायचं आणि गाय विक्रीसाठी राखायची. आज स्कॉटिश न्याहारीत काळी, गोल चकती म्हणून जे ब्लॅक पुडिंग येतं, त्यातही मुख्य जिन्नस रक्त, चरबी आणि ओट हेच. लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावाच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं.

हॅगिस याच हिशोबात बसतो. मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात भाजलेला ओट, चरबी, कांदा, मिरी आणि मसाला घालायचा, आणि ते मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडायचं. जनावर कापल्यावर सगळ्यात आधी खराब होतात ते हेच अवयव. मांस खारवता येतं, वाळवता येतं, विकता येतं, पण फुप्फुसाला बाजार नसतो आणि थांबायला वेळही नसतो. त्याच दिवशी, हाताशी असलेल्या पिठात, जनावराच्याच पिशवीत ते शिजवणं ही अत्यंत काटेकोर अक्कल आहे. ओट तिथे नुसती भर घालत नाही, सुटणारी सगळी चरबी आणि रस शोषून घेतो. म्हणूनच चांगला हॅगिस ओलसर, दाणेदार आणि मिरीने तिखट लागतो, आणि सोबत नीप्स, म्हणजे स्वीड नावाच्या पिवळट कंदाचा लगदा, आणि टॅटीज, म्हणजे उकडून कुस्करलेले बटाटे, लागतात ते हा तिखटपणा झेलायला. हॅगिस हा एका बाजूचे पाय आखूड असलेला, डोंगराला एकाच दिशेने फेऱ्या मारणारा प्राणी आहे, अशी थाप पाहुण्यांना मारायची तिथे जुनी हौस आहे. ती ऐकून घ्यावी. अमेरिकेने मात्र विनोद न करता १९७१ मध्ये अन्नात फुप्फुस वापरण्यावर बंदी घातली, त्यामुळे अस्सल पद्धतीचा हॅगिस तिथे विकता येत नाही.

इथे अभ्यासू वाचक पहिला आक्षेप घेईल: हॅगिस मुळात स्कॉटिश आहे का? लँकेशायरमधल्या पंधराव्या शतकातल्या पाककृतींत तो सापडतो आणि जर्व्हेस मार्कमच्या १६१५ च्या गृहिणींसाठीच्या इंग्रजी पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे. स्कॉटलंडची छाप त्यावर पडली ती रॉबर्ट बर्न्सने १७८६ मध्ये त्याच्यावर थट्टेखोर, अभिमानाने भरलेली कविता लिहिली तेव्हा. बर्न्सच्या मृत्यूनंतर १८०१ मध्ये त्याच्या मित्रांनी अ‍ॅलोवे इथे पहिली स्मृतिपंगत बसवली, आणि आता २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, जगभर ती कविता म्हणून हॅगिसमध्ये सुरी खुपसली जाते. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने मूळ मुद्दा उलट पक्का होतो. पोटाच्या पिशवीत काळीज-फुप्फुस भरून शिजवणं हे मेंढ्या पाळणाऱ्या अनेक समाजांना सुचलेलं आहे. प्रश्न, ते कुठे टिकलं हा आहे. दक्षिण इंग्लंडात गहू स्वस्त झाला, मांस हाताशी आलं आणि हॅगिस मागे पडला. स्कॉटलंडात ओट स्वस्त आणि मांस महाग राहिलं, म्हणून तो राहिला. बर्न्सने त्याला राष्ट्रध्वज केलं, पण घराघरांतल्या ताटात तो आधीपासून नसता तर त्या कवितेतली थट्टा कोणाला कळली नसती.

समुद्र आणि नद्यांकडे वळलं की हाच हिशोब अधिक उघडपणे दिसतो, कारण तिथे व्यापाराचे कागद आहेत. टे आणि इतर नद्यांतला सॅल्मन आधी शिजवून, मुरवून पिंपांतून दक्षिणेला जाई. १७८० च्या दशकात जॉर्ज डेम्पस्टर या जमीनदार खासदाराच्या प्रयत्नाने तो बर्फात भरून ताजा लंडनला जाऊ लागला. बर्फाची ही वाट सुरू झाली आणि ताज्या सॅल्मनचा खरा भाव लंडनमध्ये ठरू लागला. हेरिंगची गोष्ट तर प्रचंडच. १९०७ च्या सुमारास वर्षाला खारवलेल्या हेरिंगची सुमारे २५ लाख पिंपं स्कॉटलंडमधून बाहेर जात होती, मुख्यतः जर्मनी, पूर्व युरोप आणि रशियाकडे. माशांचे थवे किनाऱ्याने सरकत तशा मासे साफ करणाऱ्या बायकांच्या टोळ्या बंदरामागून बंदरं धरत दक्षिणेकडे जात. बोटांना चिंध्या गुंडाळून त्या तासनतास सुरी चालवत. त्याआधी हलक्या प्रतीचं खारवलेलं हेरिंग कॅरिबियन बेटांवर, ऊसमळ्यांतल्या गुलामांचं खाणं म्हणून पाठवलं जाई, हेही विसरता येत नाही. पहिलं महायुद्ध आणि रशियातली क्रांती यांनी ही बाजारपेठ मोडली आणि बंदरं ओस पडली. घरच्या स्वयंपाकात या साऱ्या वैभवातून काय राहिलं, तर ओटच्या पिठात घोळवून तव्यावर तळलेलं हेरिंग. साधं, तेलकट आणि चविष्ट. मोठ्या हॉटेलांच्या यादीत ते क्वचितच असतं.

धूर हा याच अर्थशास्त्राचा दुसरा भाग. मोठा, ताजा मासा विकायचा, आणि छोटा हॅडक टिकवायचा. अ‍ॅबरडीनजवळच्या फिंडन गावात तो पीटच्या, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचून घट्ट झालेल्या वनस्पतींच्या, थंड धुरावर धरत. तो फिनन हॅडी. आर्ब्रोथजवळच्या ऑकमिथी या कड्यावरच्या गावात डोकं काढलेले, मीठ लावलेले हॅडक शेपटीने जोडीजोडीने बांधून, कठीण लाकडाच्या विस्तवावर टांगून, वर ओली गोणपाटं टाकून वाफ आणि धूर एकत्र देत. ही मंडळी एकोणिसाव्या शतकात आर्ब्रोथला येऊन वसली आणि पदार्थ आर्ब्रोथ स्मोकी या नावाने प्रसिद्ध झाला. २००४ पासून ते नाव कायद्याने जपलं आहे: आर्ब्रोथपासून सुमारे ८ किलोमीटरच्या आत, याच पद्धतीने केलेल्या माशालाच ते लावता येतं. बंदरालगतच्या धुराड्यातून गरमागरम स्मोकी घ्यावा, बोटांनी कणा ओढून काढावा आणि तिथेच उभ्याने खावा. माझ्या मते स्कॉटलंडमधला हा सगळ्यात प्रामाणिक घास. मोरे किनाऱ्यावरच्या कलन गावाचं कलन स्किंक हे सूपही धुरवलेला हॅडक, बटाटा, कांदा आणि दूध एवढ्यावरच उभं आहे. त्यात मलई जितकी जास्त, तितकं ते हॉटेलाचं आणि तितकं कमी कलनचं.

‘उरलेलं’ म्हणजे काय, ही रेषा मात्र कायम एका जागी राहत नाही, आणि तिच्यामुळे माझी मांडणी थोडी वाकवायला हवी. लँगुस्टीन हे नाजूक, नारिंगी, सडपातळ लॉबस्टरसारखं कवचाचं जनावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटिश कोळ्यांच्या जाळ्यात अडकणारी कटकट होती. बरेचदा ते परत समुद्रात फेकलं जाई. मग परदेशी प्रवाशांची आणि परदेशी ताटांची मागणी आली आणि तेच देशाच्या मत्स्यव्यवसायातलं मोलाचं धन झालं. लगेच तेही बाहेर गेलं. जिवंत लँगुस्टीन ओल्या खोक्यांतून ट्रकने फ्रान्स आणि स्पेनला रवाना होतात. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, नव्या कागदपत्रांमुळे हे ट्रक अडकले, माल सडू लागला आणि कोळी संतापले, तेव्हा अनेक ब्रिटिश ग्राहकांना प्रथमच कळलं की आपल्या किनाऱ्यावरचं इतकं उत्तम खाणं आपण खातच नव्हतो.

सगळ्यात भक्कम आक्षेप व्हिस्कीचा. ती तर उरलेल्यातली नाही, ती देशाची सगळ्यात महाग विकली जाणारी वस्तू. खरं आहे, पण ती त्या जागी पोचली कशी ते पाहू. १४९४ च्या राजकोषाच्या नोंदीत जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला मद्य गाळण्यासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, दिल्याचा उल्लेख आहे. गाळण्याची कला तेवढी जुनी. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे मात्र जव होता पण तो बाजारापर्यंत न्यायला रस्ता नव्हता, आणि खंड तर रोखीत मागितला जाई. जड, भिजून खराब होणाऱ्या धान्यापेक्षा त्याच धान्याचा मद्यार्क पिंपात भरून घोड्यावर नेणं सोपं होतं. १७२५ मध्ये माल्टवरचा कर वाढला तेव्हा ग्लासगोत दंगल झाली, आणि पुढची शंभर वर्षं दऱ्याखोऱ्यांत चोरून गाळणं हा जवळपास उघड उद्योग होता. १८२३ च्या कायद्याने परवान्याची फी आणि कर आवाक्यात आणले आणि १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, तेव्हा शेजारच्या चोरट्या गाळपवाल्यांच्या भीतीने त्याला पिस्तुलं बाळगावी लागली. आयला बेटाच्या व्हिस्कीचा प्रसिद्ध धुरकट, औषधी वास हासुद्धा आधी शौक नव्हता. बेटावर झाडं नव्हती, कोळसा महाग होता, म्हणून माल्ट पीटवर वाळवला जाई. रेल्वेने कोळसा आणला तिथे, म्हणजे स्पे नदीच्या खोऱ्यात, स्पेसाइडमध्ये, धूर कमी होत गेला. बेटांवर तो राहिला आणि पुढे त्याचीच ओळख झाली.

पिंपाची गोष्ट तर माझ्या मुद्द्याला अगदी चपखल बसते. व्हिस्कीच्या रंगाचा आणि चवीचा मोठा भाग ओकच्या पिंपातून येतो, आणि ही पिंपं बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेली असतात. स्पेनची शेरी पिंपांतून ब्रिटनला येई. रिकामी पिंपं परत पाठवणं परवडत नसे, म्हणून ती व्हिस्की भरायला मिळत. अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथली बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, त्यामुळे तिथे एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी निकामी होतं, आणि ते स्कॉटलंडला येतं. आता शेरी पिंपांतून येत नाही, त्यामुळे शेरीने मुरवलेली पिंपं मुद्दाम पैसे मोजून बनवून घ्यावी लागतात. गाळप झाल्यावर उरलेला चोथा गुरांना घालतात, तेव्हा टाकून काहीच दिलं जात नाही. कायद्याने व्हिस्की स्कॉटलंडमध्येच, ओकमध्ये, किमान तीन वर्षं मुरली पाहिजे. त्या थंड कोठारांत वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत पॉल जॉनची सिंगल माल्ट याहून कितीतरी भराभर उडते आणि तितक्याच भराभर मुरते, म्हणून तिथे मुरण्याच्या वर्षांचा आकडा स्कॉटलंडच्या मापाने वाचून चालत नाही. डिस्टिलरीत फिरताना पाहुण्याने चकचकीत तांब्याच्या भांड्यांपुढे फोटो काढून झाल्यावर कोठारात जास्त वेळ थांबावं. चव तिथे तयार होते.

आता देखाव्याचा आक्षेप. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळं शहर टार्टनमध्ये गुंडाळलं, हे सर्वश्रुत आहे. पाककलेतही स्कॉटची सावली आहे: १८२६ मध्ये निघालेलं प्रसिद्ध स्कॉटिश पाकपुस्तक मेग डॉड्सच्या नावाने छापलं गेलं, आणि मेग डॉड्स ही स्कॉटच्याच कादंबरीतली खाणावळवाली. लिहिणारी होती ख्रिश्चन इसोबेल जॉनस्टन. पुढे १९२९ मध्ये मेरियन मॅकनीलने ‘द स्कॉट्स किचन’ लिहून विस्मरणात जाणारे पदार्थ गोळा केले. म्हणजे कोणते पदार्थ ‘राष्ट्रीय’ ठरतील ही निवड ठरावीक काळात, ठरावीक माणसांनी केली, यात शंका नाही. पण पीठ, धूर आणि पिंप त्यांनी शोधून काढलं नव्हतं. त्यांनी जे गाळलं त्याकडे मात्र बोट दाखवायला हवं. शॉर्टब्रेड, डंडी केक, साखर-दुधाचा रवाळ टॅब्लेट, १७९७ पासून डंडीत कारखान्यात बनू लागलेला संत्र्याचा मार्मलेड, या सगळ्या गोड परंपरेची साखर ग्रीनॉकच्या कारखान्यांत शुद्ध होत असे, आणि तिची मुळं त्याच कॅरिबियन मळ्यांत होती, जिथे हलकं हेरिंग जात होतं. चौकडीच्या डब्यावर याची खूण कुठेच नसते.

निवड अजून चालूच आहे, आणि ती आता रॉयल माइलबाहेर होते. ग्लासगोच्या शिश महल या उपाहारगृहाचे अली अहमद अस्लम यांनी १९७० च्या दशकात चिकन टिक्का मसाला पहिल्यांदा केल्याचा दावा केला जातो. २००९ मध्ये एका खासदाराने या पदार्थाला ग्लासगोचं भौगोलिक संरक्षण मिळावं अशी मागणीही केली. दावा सिद्ध करणं अवघड आहे. पण स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात, हाताशी असलेल्या ग्राहकाच्या जिभेसाठी, आहे त्यातून केलेला पदार्थ म्हणून तो या परंपरेत परका नाही. तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी हॉटेलांत हॅगिसची भजी मिळतात आणि ती फार छान लागतात. तळलेला मार्स बार, म्हणजे पिठात बुडवून तळलेलं चॉकलेट, हा स्टोनहेवनच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानातून १९९० च्या दशकात निघालेला विनोद. एकदा हसण्यापुरता ठीक.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो हलक्याने घेता येत नाही: उपासमारीला कल्पकता म्हणून गोंजारायचं का? १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि हाईलँड्समध्ये दुष्काळ आला, तेव्हा पूर्वेच्या बंदरांतून धान्याची जहाजं भरून बाहेर चाललीच होती. १८४७ च्या हिवाळ्यात विक आणि बर्गहेडसारख्या बंदरांत लोकांनी धान्य चढवू देणं बंद केलं, आणि सरकारला सैन्य पाठवावं लागलं. विकलेलं आणि उरलेलं यांतली रेघ बाजाराच्या मागे उभ्या असलेल्या बंदुका ओढत होत्या. म्हणूनच हे ताट ‘साधं, अस्सल, मातीतलं’ म्हणून डोक्यावर घेणं मला खटकतं. पण ते टाकून देणं त्याहून खटकतं, कारण त्या माणसांनी हाती उरलेल्या गोष्टींतून फक्त पोट भरलं नाही, चवही काढली. फुप्फुस, ओट आणि मिरी यांचं प्रमाण उपाशी माणसाने डोळे मिटून ठरवलेलं नाही.

मराठी पाहुण्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. हॅगिस मेंढीचा म्हणून गोमांस न खाणाऱ्याने निर्धास्त राहू नये: बाजारात मिळणाऱ्या हॅगिसमध्ये बरेचदा गाई-बैलाची चरबी असते, वरचं आवरणही कित्येकदा त्यांच्याच आतड्याचं असतं, आणि कापडात बांधून उकडलेल्या क्लूटी डंप्लिंग या गोड पदार्थातही तीच चरबी असू शकते. विचारलं तर लोक सरळ सांगतात. शाकाहारी हॅगिस १९८४ मध्ये एडिनबराच्या कवितेच्या ग्रंथालयाच्या उद्घाटनासाठी मॅकस्वीन या खाटीक घराण्यानेच बनवला. डाळी, बिया आणि ओटचा तो पदार्थ आता जवळपास सगळीकडे मिळतो आणि ओट त्यातही तितकंच मोलाचं काम करतो. सूप मात्र भाज्यांचं दिसलं तरी मटणाच्या रश्शावर केलेलं असू शकतं. पबमध्ये व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचं असतं. त्यात थोडं पाणी घालणं हा अपमान नाही, त्याने वास खुलतो. गाडी चालवायची असेल तर न पिणं उत्तम. २०१४ च्या डिसेंबरपासून तिथली रक्तातल्या मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, आणि बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देतात. लँगुस्टीन खायचे तर ते पांढऱ्या चादरीच्या टेबलावर शोधण्यापेक्षा ओबानच्या फेरीधक्क्याजवळच्या टपरीवजा दुकानात, कागदी ताटलीत घ्यावेत. दरही बरा, आणि स्पेनला जाण्याआधीच आपल्या हाती लागल्याचं समाधान वेगळं.

आणि भारतातून येणारा पाहुणा या व्यवहारात तटस्थ नसतो. स्कॉच व्हिस्कीच्या जवळपास दहातल्या नऊ बाटल्या देशाबाहेर जातात, आणि २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येने भारत तिचा सगळ्यात मोठा ग्राहक झाला. फ्रान्सला मागे टाकत सुमारे २१.९ कोटी बाटल्यांइतकी व्हिस्की इथे आली, त्यातली बरीच मोठ्या टाक्यांतून येऊन इथेच बाटल्यांत भरली गेलेली. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. स्मिथफील्डच्या खाटकांनी, हॅम्बुर्गच्या हेरिंग व्यापाऱ्यांनी आणि माद्रिदच्या हॉटेलांनी जी जागा भूषवली, तिथे आता मुंबई-पुण्याच्या दुकानांची फळी बसते आहे. उत्तम माल तिकडे पाठवल्यावर स्पेसाइडच्या खोऱ्यात जे राहतं, म्हणजे पिंपातून अजून न काढलेली व्हिस्की, चोथ्यावर पोसलेली गुरं आणि स्वयंपाकघरातलं ओटचं पीठ, ते खायला-प्यायला मात्र तिकीट काढून तिथेच जावं लागतं.